तिरकी उभी राहिलेली जीप

एकदा एक जीप सकाळी साडेसहा वाजता तिरकी उभी असलेली आढळली. ठिकाण, घाटाच्या पायथ्याचं एक वर्कशॉप. गाडी नवीकोरी, अजून रस्त्यावरही न गेलेली. आदल्या संध्याकाळी दार लावलं तेव्हा ती चारी चाकांवर सरळ उभी होती. सकाळी तिची डावी बाजू चार बोटं खाली बसलेली होती आणि उजवी ताठ होती. कुलूप उघडलेलं होतं, तोडलेलं नव्हतं. त्या कुलपाच्या किल्ल्या दोनच. एक शिष्याच्या करगोट्याला, दुसरी गुरूच्या खिशात.

शिष्याचं नाव बिरू. गुरूला नावानं कोणी हाक मारत नसे. सारी आयुष्यभराची नोकरी तंत्रविद्यालयात पोरांना यंत्रं शिकवण्यात गेलेली. निवृत्तीनंतर त्यांनी हे वर्कशॉप काढलं आणि सगळा मुलूख त्यांना मास्तर म्हणू लागला.

बिरू दारातच थबकला. गाडी त्याच्या हातांनी उभी राहिली होती. ती कारखान्यातून चालत आलेली गाडी नव्हती, खोक्यांतून आलेली होती. सांगाडा, इंजिन, पत्रे, चाकं, नटबोल्ट, सगळं सुटं सुटं. जोडणी आपण करायची. अशा गाडीला किटची गाडी म्हणतात. ती स्वस्त पडते, आणि जिथे रस्ता नाही, नुसता दगडधोंडा आहे, तिथेही चढते. बिरूने उन्हाळाभर एकेक खोकं फोडून ती जोडली होती. आज दहा वाजता आरोग्य समिती यायची होती. गाडी पसंत पडली की आजच वर पठारावर जाणार होती.

वर पठारावर बिरूची वाडी होती. वाडीला रस्ता नव्हता. आजारी माणूस खाली आणायचं तर बांबूला घोंगडी बांधायची, तिच्यात माणूस घालायचं आणि चौघांनी खांदे बदलत उतरायचं. मागच्या खेपेला बिरूची बहीण हौसाताई अशीच उतरत होती. घाटाच्या मध्यावर ती मोकळी झाली आणि मूल तिथल्या दगडावरच गेलं. आता तिचे पुन्हा दिवस भरत आले होते. समितीनं गाडी नापसंत केली, तर ती दुसऱ्या तालुक्याच्या वाट्याला जाणार होती. बिरूला दुसरं काही कळत नव्हतं, कळून घ्यायचंही नव्हतं. गाडी वर गेली पाहिजे.

आणि ती गाडी आता लंगड्या बैलासारखी उभी होती.

तो गुडघ्यांवर बसला आणि खाली वाकून पाहू लागला. चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये पोलादाची वेटोळी असतात, त्या स्प्रिंगा. गाडी जमिनीपासून किती उंच राहायची आणि ओझं पडल्यावर किती वाकायची, हे त्याच ठरवतात. उजवीकडच्या दोन्ही स्प्रिंगा त्यानं स्वतः बसवलेल्या, उंच, काळ्या, चकचकीत. डावीकडच्या दोन्ही बदललेल्या होत्या. त्यांच्या जागी बुटक्या, जाड तारेच्या, कळकट स्प्रिंगा होत्या.

चोर आला असता तर त्यानं चाकं नेली असती. बॅटरी नेली असती. स्प्रिंगा काढून दुसऱ्या बसवणारा चोर कोणी ऐकलाय का?

बिरूच्या मनात गेले आठ-दहा दिवस जे खदखदत होतं ते आता वर आलं.

गाडी एका व्यापाऱ्यानं दान दिली होती. मोठा माणूस, शेठ म्हटलं की सरकारी कचेरीतल्या खुर्च्याही मागे सरकत. त्याचा मुनीम सामान पोचवायला यायचा. त्यानं एकदा बिरूला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "पोरा, तू साधा आहेस म्हणून बोलतो. तुझ्या मास्तरांवर जरा नजर ठेव. त्यांच्या एका जुन्या चेल्याचं स्प्रिंगांचं दुकान आहे. आमचा माल नापास झाला तर कोणाचा खपेल, तूच सांग."

बिरूनं तेव्हा ते झटकून टाकलं होतं. पण संशय म्हणजे कुसळ. झटकलं तरी कापडात राहतं. मग एकेक गोष्ट त्याला टोचू लागली. काळ्या स्प्रिंगांचं खोकं उघडलं तेव्हा मास्तर कितीतरी वेळ बघत उभे राहिले आणि फक्त "सुंदर दिसतात" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या कानशीच्या दातांत हिरव्या रंगाची पूड अडकलेली होती, आणि वर्कशॉपात हिरवं म्हणावं असं काही नव्हतं. काल संध्याकाळी मोटरसायकलवरून एक माणूस जड पोतं घेऊन आला आणि मास्तरांनी ते घाईघाईनं आत ओढलं. फोनवर ते कोणाला तरी सांगत होते, "उद्या दहा वाजता, सगळ्यांच्या देखत झालं पाहिजे. पोराला यातलं काही कळता कामा नये."

पोरगा म्हणजे बिरू. दुसरं कोण?

मास्तर मागच्या अंगणात होते. एका लाकडी खोक्यावर बसून बशीतून चहा पीत होते.

"मास्तर, गाडी बघितली का?"

"बघितली."

"कुणी केलं ह्ये?"

"मी." मास्तरांनी चहाचा घोट घेतला. "पहाटे येऊन केलं. जुना विद्यार्थी आला होता मदतीला. या वयात मला एकट्याला जॅक झेपत नाही."

नाकारतील, वेड पांघरतील, काहीतरी सबब सांगतील, अशी बिरूची अपेक्षा होती. हे उत्तर त्यानं धरलंच नव्हतं. मग एकदम उसळून तो म्हणाला, "दुकानवाला ना? किती मिळालं त्यात?"

"काय किती?"

"मला खुळा समजू नका. मुनीमजी सांगत हुते, मी ऐकलं न्हाई. माझी भण वर दिवस मोजत बसलीय मास्तर! तुमाला म्हाईत हाय!"

"माहीत आहे. म्हणून तर केलं."

"आन् एकाच बाजूला? करायचं तर धड तरी करायचं! ह्ये असलं सोंग घिऊन गाडी दावायची लोकास्नी?"

"दहा वाजू देत," मास्तर म्हणाले.

"दहा वाजायच्या आत मी काळ्या स्प्रिंगा परत बसिवणार. कुटं हायत?"

"या खोक्यात." मास्तरांनी आपल्या बुडाखालच्या खोक्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा बशी तोंडाला लावली.

बिरू खोक्यापर्यंत गेला. ज्या माणसानं त्याला पाना धरायला शिकवलं, त्याच्या दंडाला धरून त्याला खोक्यावरून उठवायचं, हे त्याच्यानं झालं नाही. त्यानं हातातला पाना भिंतीवर फेकला आणि बाहेर जाऊन तिरक्या गाडीच्या पायरीवर बसला. मुनीम खोटं बोलत नव्हता, असं त्याला आता वाटू लागलं. माणूस वीस गुणांचा असला तरी एकविसावा अवगुण घर बुडवतो.

दहा वाजले. समिती आली. समितीच्या प्रमुख एक डॉक्टरबाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या, चपलांची धूळ न झटकताच थेट गाडीजवळ येणाऱ्या. शेठ आले, पांढरेशुभ्र. फोटोवाला आला. मुनीम आला आणि त्याच्या हातात लाल कापडात गुंडाळलेला ठोकळा होता. पठारावरून निम्मी वाडी उतरून आली होती. हौसाताईचा नवरा होता आणि तिची सासूही. सासू गाडीकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "अगं बया! ही तर नवऱ्यावर रुसल्यावानी कूस बदलून हुबी ऱ्हायलीय!"

लोक हसले. बिरूला धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं.

आता त्या ठोकळ्याविषयी सांगितलं पाहिजे. शेठच्या दानाची एक रीत होती. गाडी देताना तिच्या पोटाखालून हा लाकडी ठोकळा आरपार सरकवायचा. तो अडला नाही म्हणजे गाडी पुरेशी उंच, दगडाला लागणार नाही, पास. मग टाळ्या, हार, फोटो. रीत देखणी होती. लहान पोरालाही समजत होती. आणि जे पोरालाही समजतं त्याच्याविषयी मोठी माणसं प्रश्न विचारत नाहीत.

मुनिमानं कापड सोडलं. ठोकळा उजव्या अंगानं आत घातला, तो लोण्यातून सुरी जावी तसा गेला. डाव्या अंगानं घातला, तो अडला. बोटभर अडला, पण अडला.

"मी म्हणत नव्हतो?" मुनीम शेठकडे बघत म्हणाला, पण आवाज सगळ्यांना जाईल एवढा होता. "माल उत्तम दिला. इथे येऊन त्याचं काय झालं, ते इथल्यांना विचारा."

शेठचा चेहरा दुःखी झाला. दुःखी होणंही त्यांना शोभून दिसत होतं. "मास्तर, आम्ही तुमच्याकडे विश्वासानं काम दिलं. धर्माची गाय, तिचे दात कसले मोजता?"

"दात नाही मोजत, शेठ," मास्तर म्हणाले. "पाय मोजतोय. या गाईच्या पाठीवर बाळंतीण निजणार आहे."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "म्हणजे काय? स्पष्ट बोला."

"बाई, गाडी कशासाठी घेताय? ठोकळा न्यायला की रोगी न्यायला? ज्यांच्यासाठी ती केली त्यांना एकदा वर चढवा. मग ठोकळा घाला. मग नापास म्हणालात तर मी स्वतः ही गाडी ढकलत दुसऱ्या तालुक्यात नेऊन सोडतो."

"नियम रिकाम्या गाडीचा आहे," मुनीम तत्परतेनं म्हणाला.

"नियम कोणाचा?" बाईंनी विचारलं.

मुनिमानं शेठकडे पाहिलं. शेठ म्हणाले, "नियम असा नाही, आपली एक पद्धत. सगळ्यांच्या सोयीची."

"मग आज थोडी गैरसोय करू," बाई म्हणाल्या. "चढवा माणसं."

गाडीत पहिला चढला तो बिरू. त्यात भक्ती नव्हती, राग होता. मास्तरांचं पितळ उघडं पडलं पाहिजे, आणि ते आपल्या वजनानं उघडं पडलं पाहिजे, या त्वेषानं तो धाडकन उजव्या बाजूला जाऊन बसला. मागोमाग हौसाताईचा नवरा डाव्या बाजूला. मग वाडीची दणकट माणसं, दोन्हीकडे सारखी. मध्ये स्ट्रेचर ठेवलं. त्यावर निजायला कोणी तयार होईना, तेव्हा हौसाताईची सासू पदर खोचून पुढे आली. "मला निजवा. माजी सूनबी निजणारच हाय की. पर फोटो काढू नगा रं, लोक म्हनतील म्हातारी गेली!"

पाण्याचे कॅन चढले. औषधांची पेटी चढली.

"शेठ, एक जागा शिल्लक आहे," मास्तर म्हणाले. "पुढची. मानाची."

त्याच क्षणी शेठना फोन आला असावा, कारण त्यांनी तो कानाला लावला आणि ते चिंचेच्या सावलीत गेले. मुनीम म्हणाला, "माझी कंबर धरलीय." त्या जागेवर शेवटी फोटोवाला चढला.

गाडी करकरली. बिरूला पहिल्यांदा वाटलं, आपल्यालाच भोवळ येतेय. समोरचा वर्कशॉपचा पत्रा हळूहळू दुसरीकडे कलत होता. त्यानं खाली पाहिलं. त्याच्या बाजूची, उजवी, उंच, चकचकीत बाजू खाली खाली बसत चालली होती. मघाशी जी खाली होती ती डावी बाजू इंचभर दबून तिथेच थांबली. उजवी थांबेना. ती सरळ झाली, डावीच्या बरोबरीला आली आणि तिच्याही खाली गेली. गाडी पुन्हा तिरकी झाली होती, पण आता उलट्या बाजूला.

"वाकून बघा, बाई," मास्तर म्हणाले. "आणि कोणाला बघायचं असेल त्यांनीही बघा."

डॉक्टरबाई मातीत गुडघे टेकून वाकल्या. काळ्या स्प्रिंगांची वेटोळी एकमेकांना चिकटली होती. मध्ये पोस्टकार्डही गेलं नसतं.

"आता हिच्यात वाकायला जागाच राहिलेली नाही," मास्तर म्हणाले. "चाकाखाली दगड आला की धक्का स्प्रिंग घेणार नाही, सांगाडा घेईल. सांगाड्यावर स्ट्रेचर आहे, स्ट्रेचरवर रोगी आहे. तो धक्का तो घेईल. आणि वाडीची वाट उतरताना दरी कोणत्या हाताला येते, ते वाडीच्या माणसांना विचारा."

"उजव्या," हौसाताईचा नवरा म्हणाला.

बाईंनी मुनिमाच्या हातातून ठोकळा घेतला आणि स्वतः सरकवून पाहिला. डावीकडे मघापेक्षा इंचभर जास्त अडला. उजवीकडे, जिथून तो मघाशी लोण्यातून गेला होता, तिथे तो अर्धाही शिरेना. त्यांनी ठोकळा उलटसुलट करून पाहिला आणि मुनिमाला विचारलं, "याची उंची कुणी ठरवली? माणसं बसल्यावर गाडी किती उंच हवी, हे किटच्या कारखान्यानं सांगितलेलं असतंच ना? मग त्याहून उंच ठोकळा कशाला कापला?"

मुनिमानं कंबर दाबली.

बाईंनी निर्णय तिथेच दिला. काळ्या स्प्रिंगा निघतील, दोन्ही बाजूंना जाड तारेच्या बसतील, आणि त्या अटीवर गाडी पसंत. ठोकळा समितीकडे राहील. फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला, पण शेठ तोवर मोटारीत जाऊन बसले होते. हार तसाच खुर्चीवर राहिला. शेवटी सासूनं तो उचलून गाडीच्या दिव्याला घातला. "मान्साला नको आसंल तर गाडीला घाला की. तिनं काय घोडं मारलंय?"

माणसं पांगली. पोत्यातल्या उरलेल्या दोन जाड स्प्रिंगा घेऊन बिरू उजव्या चाकाशी जॅक लावून बसला. काळी स्प्रिंग निघाली तेव्हा ती हातात धरून तो मास्तरांपाशी गेला. मास्तरांनी कानस घेतली आणि स्प्रिंगच्या एका वेटोळ्यावरचा काळा रंग घासला. खालून हिरवा ठिपका वर आला.

"कारखाना अशा स्प्रिंगांवर रंगाचे ठिपके देतो," मास्तर म्हणाले. "लाल म्हणजे भरल्या ओझ्याची. हिरवा म्हणजे दोघांनी सहलीला जाऊन परत यायची. तार बारीक, म्हणून स्वस्त, आणि गाडी रिकामी असताना ताठ उभी राहावी म्हणून लांब केलेली. मी त्याच दिवशी आतल्या अंगानं घासून पाहिलं होतं. कोणीतरी हिरव्यावर काळा फासून आपल्याला लाल म्हणून दिलं."

बिरू खाली मान घालून उभा राहिला. कानशीतली हिरवी पूड त्याच्या डोळ्यांपुढे आली.

"मास्तर, माजा तुमच्यावर संशय हुता."

"ठाऊक आहे. माझाही तुझ्यावर होता."

बिरूनं चमकून वर पाहिलं.

"खोकं तू फोडलंस. किल्ली तुझ्याकडे. मुनीम मला बाजूला घेऊन म्हणाला होता, 'मास्तर, पोरगं गरजू आहे, सामान तपासून घेत चला, बाहेर अदलाबदल होते.' खांद्यावर हातही ठेवला होता."

"माझ्याबी ठेवला हुता."

मग मास्तर हसले, पण त्या हसण्यात गोडवा नव्हता.

"म्हणजे तुझा आणि माझा संशय एकाच दुकानातून आला. एकाच मापाचा. आणि आपण दोघांनी तो न तोलता घरात घेतला." ते पुन्हा खोक्यावर बसले. "बिरू, ऐक. रिकामी गाडी सगळ्यांचीच उंच असते. ओझं नसताना ताठ उभं राहण्यात कसलाच पुरुषार्थ नाही. ओझं आल्यावर जी थोडी वाकते आणि वाकूनही पुढच्या दगडासाठी जागा राखून ठेवते, तिची उंची खरी. तुझ्या आजानं बैलगाडी घेतली असेल तेव्हा सुताराच्या दारात घरचं सगळं माणूस वर चढवून मग आख पाहिला असेल. ती रीत आपण सोडली आणि ठोकळा धरला. ठोकळ्याला वजन नसतं. तो फक्त फोटोत छान दिसतो."

"मग एकाच बाजूला का बदलल्या?"

"दोन्ही बाजूंना बदलल्या असत्या तर गाडी सरळ दिसली असती, ठोकळ्याला अडली असती आणि नापास होऊन गेली असती. खोटं कोण, ते कोणालाच कळलं नसतं. खरं आणि खोटं एकाच गाडीला शेजारी शेजारी लावायचं आणि वर सारखं वजन ठेवायचं. मग आपल्याला भाषण करावं लागत नाही. तुझ्या संशयाचंही तेच. संशय घेतलास याबद्दल माफी मागू नकोस. संशय नसलेला मिस्त्री माणसं मारतो. पण तू रिकामा संशय मोजलास. हिरवी पूड पाहिलीस आणि काय घासलं, ते विचारलं नाहीस. पोतं पाहिलंस आणि उघडून पाहिलं नाहीस. एक प्रश्न वर ठेवला असतास, तर तो संशय तिथेच बसला असता."

बिरूनं काळी स्प्रिंग खाली ठेवली. मग म्हणाला, "तुमी तरी मला कुटं इचारलंत, मास्तर?"

मास्तरांनी हातातली कानस खाली ठेवली.

"नाही विचारलं," ते म्हणाले. "त्या बाबतीत मीही मुनिमाचाच ठोकळा वापरला. आज तू सगळ्यांच्या आधी गाडीत चढलास आणि नेमका उजव्या बाजूला बसलास, तेव्हा माझ्या मनातलं खाली बसलं. त्या स्प्रिंगा ज्याला ठाऊक असतात तो तिकडे बसत नाही. हा काही पुरावा नव्हे. पण वजन होतं." थोडं थांबून ते म्हणाले, "कोण कोण चढलं नाही, तेही मी पाहिलं. तोही पुरावा नव्हे."

दुपारी गाडी सरळ उभी राहिली, सकाळच्या उजव्या बाजूपेक्षा चार बोटं बुटकी. देखणी मुळीच दिसत नव्हती. बिरूनं ती वाटेला घातली. पहिल्या मोठ्या दगडावर पुढचं चाक चढलं, स्प्रिंग वाकली, चाक उतरलं आणि स्प्रिंग परत उठली. त्यानं आरशात पाहिलं. मागे स्ट्रेचरवर सासू बसली होती आणि तंबाखू मळत होती. तळहातावरची चिमूट सांडली नव्हती.

त्याच आठवड्यात हौसाताई त्याच स्ट्रेचरवर निजून खाली आली. घाटाच्या मध्यावर तो दगड आला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. गाडी थांबली नाही. दवाखान्यात तिला मुलगी झाली.

दानाची उंची ओझ्याखाली मोजावी, आणि संशयाचीही. एवढा धडा घेऊन गोष्ट संपवता आली असती. पण मास्तरांनी ती संपवली नाही. त्यांनी विचारणा चालू ठेवली. स्प्रिंगांना काळा रंग कोणी दिला? मुनीम म्हणाला, गोदामातून तशाच आल्या. गोदामवाला म्हणाला, खोकं आम्ही फोडलंच नाही. किटचा कारखाना म्हणाला, आम्ही स्प्रिंगांना काळा रंग कधीच देत नाही. शेठना विचारायला मास्तर तीनदा गेले. तिन्ही वेळा शेठना फोन आलेला होता.

बिरूच्या वाडीआधी त्याच दानातल्या दोन गाड्या दुसऱ्या दोन पठारांवर गेल्या आहेत. त्याच ठोकळ्यानं पास झालेल्या, हार घातलेल्या, फोटो काढलेल्या. त्यांच्या स्प्रिंगा काळ्या आहेत. त्या अजून चालू आहेत, आणि त्यांच्यात रोगी आहेत.